ग्रुपवर राजकारण नको, म्हणजे नेमकं कोणाचं नको?

कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची माहिती उघडून पाहा, दोन-तीन ओळी हमखास सापडतात. गुड मॉर्निंग नको, जाहिराती नकोत, धार्मिक-राजकीय पोस्ट नकोत. दहावीच्या बॅचचा ग्रुप असो, शाळेतल्या पालकांचा असो की गावचा, हा शेवटचा नियम सगळीकडे आहे आणि सगळीकडे मोडलेला आहे. तो पाळला जात नाही, अशी तक्रार सगळेच करतात. माझी तक्रार उलटी आहे. हा नियम अगदी काटेकोर पाळला, तरी तो वाईटच आहे. एका जिन्यात राहणाऱ्या माणसांमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत जो दुरावा आला, त्याला या नियमाने हातभारच लावला आहे.

नियम वापरात कसा येतो ते बघा. रामनवमीला श्रीरामाचं चित्र आलं तर तो सण. त्याच महिन्यात १४ एप्रिलला बाबासाहेबांचं चित्र आणि खाली ‘जय भीम’ आलं, की अर्ध्या तासात कोणीतरी लिहितं, ‘कृपया ग्रुपवर जातीय पोस्ट टाकू नयेत.’ २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली. त्याआधी कितीतरी सोसायट्यांच्या ग्रुपवर रोषणाई, भगवे झेंडे आणि वर्गणी यांचीच चर्चा चालू होती. ती कोणालाही राजकारण वाटली नाही. ‘वर्गणी ऐच्छिक आहे ना?’ असं विचारणारा मात्र राजकारण आणणारा ठरला. सीमेवरच्या जवानाचा व्हिडिओ म्हणजे देशप्रेम. त्या व्हिडिओखालच्या दोन ओळींत एखाद्या पक्षाला हाणलेला टोला कोणाला दिसत नाही, आणि दिसलाच तर ‘जाऊ द्या हो’ म्हणून सोडून दिला जातो.

म्हणजे ग्रुपवर ज्यांची संख्या जास्त, त्यांचं राजकारण सण, संस्कृती किंवा साधी माहिती म्हणून वावरतं. त्याला दिलेलं उत्तर तेवढं राजकारण म्हणून ओळखू येतं आणि नियम त्या उत्तराच्या मानेवर पडतो. हे एकाच बाजूने घडतं असं समजू नका. मुस्लिम वस्तीतल्या ग्रुपवर, एका जातीचं प्राबल्य असलेल्या गावच्या ग्रुपवर, किंवा पुरोगामी मित्रमंडळींच्या ग्रुपवरही हाच प्रकार होतो. फक्त कोणाचं बोलणं सहज खपतं आणि कोणाचं टोचतं, ते बदलतं. पुरोगामी ग्रुपवर सत्ताधाऱ्यांची टिंगल हा विनोद असतो आणि त्यांच्या एखाद्या कामाचं कौतुक हा प्रचार.

ज्याच्या मानेवर नियम पडतो, तो काय करतो? एकदा भांडतो, दुसऱ्यांदा गप्प बसतो, तिसऱ्यांदा ग्रुप म्यूट करतो किंवा लेफ्ट होतो. पूर्वी लेफ्ट झाल्याची ओळ सगळ्यांना दिसायची. ‘पाटील काका लेफ्ट झाले’ यावर निदान दोघे जण फोन करून कारण विचारायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने शांतपणे बाहेर पडण्याची सोय दिली. आता ते फक्त ॲडमिनला कळतं. गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं, याची यादी ग्रुपच्या माहितीत तळाशी मिळते, पण तिथपर्यंत जातो कोण? सोय म्हणून ती चांगलीच आहे, पण तिचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. असहमत माणूस निघून गेल्याचं उरलेल्यांना समजतच नाही. त्यांना वाटतं, अमुक पोस्टला कोणाचीच हरकत आली नाही, म्हणजे सगळी बिल्डिंग आपल्याच मताची आहे. मग पुढची पोस्ट आणखी एक पायरी वर जाते. ध्रुवीकरण म्हटल्यावर आपल्याला भांडणं आठवतात. प्रत्यक्षात ते अशा शांततेत जास्त झपाट्याने होतं.

इथे बहुतेक जण अल्गोरिदमकडे, म्हणजे कोणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेकडे, बोट दाखवतात. फेसबुकच्या बाबतीत ते बोट चुकीचं नाही. २०१७ पासून काही काळ फेसबुकने साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन इमोजी-प्रतिक्रियांना दिलं होतं. त्यांत लालबुंद रागीट चेहराही होता. म्हणजे माणूस चिडला, तर पोस्ट जास्त लोकांपर्यंत जाणार. पुढे कंपनीने त्या रागीट चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं. पण २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर एक मोठा प्रयोग झाला. हजारो लोकांना तीन महिने अल्गोरिदमऐवजी पोस्ट ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने दाखवल्या. लोक ॲपवर कमी वेळ थांबू लागले, पण त्यांची राजकीय मतं किंवा विरोधकांबद्दलची चीड यांत मोजता येईल असा फरक पडला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष फेसबुकची मालक कंपनी मेटाच्या सहकार्याने झालेल्या अभ्यासाचे आहेत, तेव्हा हात थोडा राखूनच ते वाचावेत. तरी यंत्राचं एक बटण फिरवलं की माणसं निवळतील, ही आशा त्यांनी बरीच कमी केली.

आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपला तर असा अल्गोरिदमच नाही. कोणती पोस्ट वर, कोणती खाली, हे तिथे यंत्र ठरवत नाही. जी शेवटी आली ती शेवटी दिसते. महाराष्ट्रात घराघरांतलं राजकारण ज्या जागी बिघडलं, ती मुख्य जागा हीच आहे. त्यामुळे कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि मला ते ग्रुपच्या बांधणीत दिसतं.

सोसायटीच्या एकाच ग्रुपवर टँकर कधी येणार, लिफ्ट कधी दुरुस्त होणार, मेंटेनन्स किती, कोणाच्या मुलीला नव्वद टक्के पडले आणि इतिहासात कोणी कोणावर अन्याय केला, हे सगळं एकत्र येतं. टँकरची वेळ हवी म्हणून माणूस बाहेर पडू शकत नाही, आणि बाहेर पडू शकत नाही म्हणून बाकी सगळं त्याच्यावर आदळत राहतं. त्यात ही गर्दी वाढली आहे. २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि वर्षअखेरीस १०२४ झाली. चहाच्या टपरीवर दोघे वाद घालतात तेव्हा उत्तर समोरच्याला असतं. त्याचा चेहरा पडलेला दिसतो, विषय बदलता येतो, ‘चल, उशीर झाला’ म्हणता येतं. ग्रुपवर उत्तर समोरच्यासाठी नसतंच. ते गप्प बसलेल्या दोनशे जणांसाठी असतं. प्रेक्षक असले की माघार घेता येत नाही. शिवाय लिहिलेलं तसंच राहतं आणि त्याचा स्क्रीनशॉट निघतो.

स्क्रीनशॉटवर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या अलीकडच्या दंगलींचा मार्ग तिथून गेला आहे. व्हॉट्सॲपवरचं स्टेटस २४ तासांत आपोआप जातं आणि ज्यांचे नंबर एकमेकांकडे सेव्ह आहेत त्यांनाच दिसतं. कॉलेजच्या मुलाचं स्टेटस शे-दीडशे जण पाहतात, त्यातले निम्मे न वाचता पुढे सरकवतात. त्यातला एक जण स्क्रीनशॉट काढतो. त्या क्षणी २४ तासांची मुदत गेली, कोणी पाहावं याची मर्यादा गेली, आणि आधी-नंतर काय होतं तोही संदर्भ गेला. आता ते चित्र ‘बघा यांची हिंमत’ या ओळीसह तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या ग्रुपवर फिरतं. ज्या चित्राने भावना दुखावतात म्हणून संताप आहे, तेच चित्र संतापलेली माणसं मूळ स्टेटसच्या शेकडोपट लोकांना दाखवतात. मग पोलीस ठाण्याबाहेर जमाव, मग बंदची हाक.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच स्टेटसवरून तणाव झाला. ७ जूनला बंद पुकारला गेला, दुकानांवर दगड पडले, लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या, इंटरनेट बंद करावं लागलं. ज्यांची दुकानं फुटली, त्यांचा त्या स्टेटसशी काय संबंध होता? पुण्यात हडपसरला २ जून २०१४ रोजी जमावाने एका तरुण संगणक अभियंत्याला मारहाण करून ठार केलं, तेव्हाही शहर फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांनी तापलं होतं, आणि त्या चित्रांशी त्या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता. पोस्ट एकाची आणि शिक्षा त्याच्या नावाशी, दाढीशी किंवा आडनावाशी जुळणाऱ्या दुसऱ्या कोणाला, हा या प्रकाराचा ठरलेला हिशेब आहे.

आडनावावरून बीड आठवतं. तिथलं भांडण धर्माचं नव्हतं, जातीचं होतं. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांच्या घराला जमावाने आग लावली, त्याआधी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाबद्दल त्यांची म्हणून एक ऑडिओ क्लिप फिरली होती. २०२४ च्या लोकसभेला पंकजा मुंडे साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरल्या आणि जिल्हा उभा दुभंगला. डीपी पाहून माणूस कुठल्या बाजूचा ते ओळखायचं आणि अमक्याच्या दुकानात जायचं नाही असे मेसेज फिरवायचे, इथपर्यंत गोष्ट आली. २०२५ च्या सुरुवातीला पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवर फक्त पहिलं नाव ठेवायला सांगितलं, आडनाव काढून टाकलं. पोलिसाने जात दाखवू नये हे बरोबरच. पण गणवेशातल्या माणसाचंही आडनाव झाकावं लागतं, यावरून जिल्ह्याची नाडी कळते. तिथल्या कुठल्याही ग्रुपवर ‘राजकारण नको’ हा नियम लावून बघा. आरक्षणावर बोलणं राजकारण की आपल्या पोराच्या ॲडमिशनची काळजी? जो ठरवेल, तो आधीच एका बाजूला उभा असेल.

म्हणून विषयावर बंदी घालणारे नियम सोडून द्यावेत. बंधन घालायचंच तर मजकुराच्या स्वरूपावर घालावं. माझ्या मते एकच नियम पुरेसा आहे: फॉरवर्ड नको. राजकारण चालेल, धर्म चालेल, आरक्षण चालेल. पण स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावावर.

हे सुचण्यामागे एक इतिहास आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची ही माणसं भिक्षा मागत फिरत होती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्या काळात देशभर असे बळी जात होते. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी बाणाची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक पाऊल पडलं: जो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आला आहे, त्यावर दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. असे बहुफॉरवर्ड मेसेज त्यानंतर सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. विषयाला हात न लावता, कोणाचं बोलणं न तपासता, फक्त पुढे ढकलण्याचा वेग कमी करून हे साधलं. सोसायटीचा सेक्रेटरी हेच छोट्या प्रमाणावर करू शकतो.

या नियमाचं बळ असं, की तो लावायला मत लागत नाही. बाण आहे की नाही हे सगळ्यांना दिसतं. बाण असलेला मेसेज ॲडमिनने काढून टाकायचा, मग तो ‘जय श्रीराम’ असो, ‘जय भीम’ असो, हृदयविकारावरचा लसणाचा काढा असो की पुणे महापालिकेचं खरं परिपत्रक. हो, खरं परिपत्रकसुद्धा. ज्याला ते द्यायचं आहे, त्याने महापालिकेच्या संकेतस्थळावरून उतरवून स्वतः टाकावं. एकदा ‘चांगला फॉरवर्ड’ म्हणून सूट दिली की पुन्हा चांगलं-वाईट ठरवणं आलं, आणि गाडी जुन्याच रुळावर गेली.

पळवाटा आहेतच. मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा व्हिडिओ गॅलरीत घेऊन नव्याने पाठवला की बाण उडतो. त्यामुळे बाण नसणं हा मेसेज नवा किंवा खरा असल्याचा पुरावा कधीही धरू नये. पण कोणी कॉपी-पेस्ट केलंच, तर ते आता त्याचं वाक्य झालं. ‘जसं आलं तसं पाठवलं’ ही ढाल गेली. ‘हे तुम्ही म्हणता आहात का?’ एवढा एक प्रश्न विचारायचा. बहुतेक वेळा मेसेज पाच मिनिटांत डिलीट होतो, कारण शेजारच्या फ्लॅटमधल्या शेखसाहेबांसमोर ते वाक्य स्वतःच्या तोंडून कोणालाच नको असतं. ज्याला खरोखर म्हणायचं असतं तो म्हणतो, आणि मग निदान एका खऱ्या माणसाशी बोलणं होतं.

तरी एकट्या या नियमावर भागत नाही. ग्रुप फोडावा लागतो. पहिला ग्रुप सूचनांचा. सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनना द्यायचा. ॲडमिन किमान तीन, त्यातला एक कमिटीबाहेरचा. पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स, बैठक, एवढंच. दुसरा गप्पांचा, ज्यात यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटी या सोयीत सूचनांचा ग्रुप आपोआप तयार मिळतो, पण छोट्या सोसायटीला दोन साधे ग्रुप पुरतात. यात हमखास चुकतं ते असं: उत्साहाच्या भरात सेक्रेटरीच सूचनांच्या ग्रुपवर सणाच्या शुभेच्छा टाकतो. एकदा ते झालं की पुढचा प्रत्येक सण हिशेबात येतो, आणि दिवाळीला टाकली मग ईदला का नाही, हा प्रश्न रास्तच असतो. तिथे कुठल्याच शुभेच्छा नकोत.

सूचनांच्या ग्रुपमधून कोणालाही, कितीही भांडला तरी, काढायचं नाही. भाडेकरूलाही नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सभासदत्व जाण्याची ठरलेली पद्धत आहे. ॲडमिनच्या अंगठ्याने ते जात नाही. पण टँकरची वेळ न कळणं, पार्किंगच्या रंगकामाची सूचना न मिळणं, हा रोजचा बहिष्कारच असतो. गप्पांच्या ग्रुपवरही माणूस काढण्याऐवजी मेसेज काढावा. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तो अधिकार वापरावा आणि त्यावर चर्चा करू नये. दोघांमध्ये तीनपेक्षा जास्त उत्तरं झाली, तर चौथं उत्तर फोनवर द्यावं, असं एक कलम जोडलं तर उत्तम. प्रेक्षक काढून घेतले की निम्मी भांडणं तिथेच संपतात.

ज्यांना आपला ग्रुप फार तापलेला वाटतो, त्यांनी एक काम करून बघावं. चॅट एक्सपोर्टमधून मीडिया वगळून मजकुराची फाइल घ्या, स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि नावागणिक मेसेज मोजा. जिथे ‘सगळी सोसायटीच अशी’ वाटत असतं, तिथे बहुधा सगळं चार-सहा नावांभोवती फिरताना दिसतं. (ती फाइल मात्र कोणाला पाठवू नका, तिच्यात सगळ्यांचे शब्द आहेत.) स्वतःच्या फोनवर फोटो, व्हिडिओ, ऑडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद ठेवा. ब्राझीलमध्ये २०२२ च्या निवडणुकीआधी काही लोकांना तीन आठवडे व्हॉट्सॲपवरचे फोटो-व्हिडिओ न पाहायला सांगून अभ्यास झाला. खोट्या बातम्या त्यांच्यापर्यंत कमी पोचल्या, पण राजकीय कटुता तेवढीच राहिली. अफवा थांबवणं आणि मनं जुळणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे ध्यानात ठेवून पहिलं तरी करावं. प्रायव्हसीतल्या ‘ग्रुप्स’मध्ये जाऊन आपल्याला कोण ॲड करू शकतं, ते फक्त ओळखीच्या नंबरांपुरतं ठेवा, ‘आपला प्रभाग’ नावाने रस्ते-पाण्यापासून सुरू होऊन निवडणुकीच्या तोंडावर पक्षाचे होणारे ग्रुप अर्धे तरी टळतील.

घरच्या ग्रुपला हे काहीच लागू होत नाही. तिथे काकांचा फॉरवर्ड काढून टाकणारा ॲडमिन पुढच्या लग्नात जेवणार कुठे? ‘काका, हा फोटो जुना आहे’ हे त्यांना वेगळं, एकट्याला सांगावं, आणि ग्रुपवर नातवंडांचे फोटो टाकत राहावं.

ॲडमिन व्हायला लोक घाबरतात, त्याचं एक कारण पोलीस कारवाईची भीती. सणांच्या, निवडणुकीच्या आधी पोलिसांची आवाहनं येतात, त्यांत ॲडमिनवर कारवाईचा इशारा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्यासाठी समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दिसावा लागतो. मात्र तेव्हा न्यायालयाने ॲडमिनचे अधिकार माणूस घेणं आणि काढणं इतकेच धरले होते. आता त्याच्या हाती डिलीटही आहे. उद्या कोणी वकील ‘दिसत होतं, काढता येत होतं, तरी का काढलं नाही?’ असं विचारेल, आणि तो प्रश्न अगदीच पोकळ नसेल. फॉरवर्ड करणाऱ्याचं मात्र आजही स्पष्ट आहे. गटागटांत वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आणि अफवांबद्दलचं कलम ३५३ लावताना मजकूर मूळ कोणी लिहिला, एवढंच बघत नाहीत. तो कोणी फिरवला, हेही बघतात.

हे सगळं ग्रुपच्या माहितीत चार ओळी लिहून होणार नाही, कारण ती माहिती कोणीही ॲडमिन कधीही बदलतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि तिच्या सूचनेला १४ पूर्ण दिवस लागतात. म्हणजे ऑगस्टच्या कमिटी बैठकीतच विषय घ्यायला हवा. ठराव अर्ध्या पानाचा पुरे: दोन ग्रुप, ॲडमिनची नावं आणि एक वर्षाची मुदत, फॉरवर्ड नको, सूचनांच्या ग्रुपमधून कोणालाही काढणार नाही. सभेत कोणीतरी उठून ‘राजकीय पोस्ट नकोत’ हेही घाला म्हणेल. त्यांना राजकीय पोस्टची तीन उदाहरणं द्यायला सांगा, आणि सभागृहात कोण कोण मान डोलावतं ते बघा.